शिक्षण परिषदेत आधी वर्ग भरू द्या

बेचाळीसमधून सतरा वजा करायला सांगितलं की दुसरीतलं एखादं मूल हमखास पस्तीस लिहितं. दोनातून सात जात नाहीत, मग ते सरळ सातातून दोन काढतं. अशा वेळी लाल फुली मारून भागत नाही. दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडायचा, काड्या मुलाच्या हाती द्यायच्या आणि बारातून सात त्यालाच काढू द्यायच्या. एखाद्या शिक्षिकेला हे छान साधलेलं असतं, पण शेजारच्या गावातल्या गुरुजींपर्यंत ते पोहोचतच नाही.

नागपूर जिल्ह्यात रामटेक, पारशिवनी, भिवापूरकडच्या लहान गावांत द्विशिक्षकी शाळा आहेत. चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातला एक बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. काही मुलं घरी गोंडी बोलतात, काही हिंदी. पहिलीत त्यांना मराठी वाचायला कसं शिकवायचं, हे विचारायचं तरी कुणाला?

यासाठीच तर १९९०च्या दशकात राज्याने केंद्रशाळा उभ्या केल्या. ४,८६० केंद्रं, प्रत्येकाखाली आसपासच्या शाळा, एक केंद्रप्रमुख आणि शिक्षकांची नियमित शिक्षण परिषद. रचना उत्तम होती, आजही आहे. पण केंद्रप्रमुखांची कित्येक पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि परिषदेचा वेळ परिपत्रकं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे तक्ते यांनी खाल्ला.

हे सगळीकडे असंच चालतं असं नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांतले वर्ग बदलले. फरशीवर आखणी झाली, मुलं गटात बसून साहित्य हाताळत शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून हजारो शिक्षक गेले. भाषण ऐकून एवढे शिक्षक बदलले नसते. त्यांनी आपल्यासारख्याच शाळेतली मुलं वाचताना पाहिली. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयामागेही हा अनुभव होता. जपानमध्ये तर शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे पाहत टिपणं घेतात. तिथे ही जुनी रीत आहे.

आपल्याकडे मात्र सहकार्याऐवजी विलीनीकरणाचा विचार होतो. २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांसमोर २०२३मध्ये समूह शाळेचा, म्हणजे त्या एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याचा, प्रस्ताव आला. सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात दूरच्या शाळेत पाठवण्यापेक्षा शिक्षकांनी एकमेकांच्या शाळेत जाणं केव्हाही सोपं.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, यासाठी केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ची मुदत घातली आहे. नागपूर जिल्हा परिषदेने एवढं ठरवावं: माहितीचे तक्ते परिषदेआधीच मागवायचे, परिषदेत पहिला तास मुलांसमोर प्रत्यक्ष पाठाचा आणि दुसरा त्यावरच्या चर्चेचा. द्विशिक्षकी शाळेतून या महिन्यात एक शिक्षक येईल, पुढच्या महिन्यात दुसरा. शाळा बंद ठेवावी लागणार नाही.