चक्कीवाल्याच्या लग्नाची धून

खडकवासला, एनडीएची पासिंग आउट परेड. मावसभाऊ पास होणार म्हणून मावशी-काका नांदगाव खंडेश्वरहून रात्रभर प्रवास करून आलेले. मुलं ‘अंतिम पग’कडे संथ पावलं टाकू लागली, बँडवर ‘ऑल्ड लँग साइन’ सुरू झालं आणि मावशीनं पदर डोळ्यांना लावला.

"हे तं आपल्या भजनासारखं वाटून रायलं रे!"

बरोब्बर पकडलं की! सा, रे, ग, प, ध. या स्कॉटिश चालीत म आणि नि नाहीतच. आपल्या भूपाचेच पाच स्वर!

आता खरी गंमत. थर्टी फर्स्टला जगभर गातात ती ही चाल मुळात निरोपाची नव्हतीच. अठराव्या शतकात स्कॉटलंडचे फिडलवाले, म्हणजे व्हायोलिनवाले, अशाच एका धुनेवर लोकांना नाचवायचे. नाव ‘द मिलर्स वेडिंग’. कवी रॉबर्ट बर्न्सचे शब्द १७९६ मध्ये छापले गेले ते वेगळ्याच चालीवर. आजची चाल त्यांना छापील रूपात जोडली गेली १७९९ मध्ये. तोवर बर्न्स जाऊन तीन वर्षं झाली होती. पुढे टागोरांनी ती बंगालीतही नेली.

मी मावशीला म्हटलं, "अगं, ही चक्कीवाल्याच्या लग्नाची नाचायची धून आहे." शेजारी आमचे चक्कीवाले काका एकदम सावरून बसले.

मावशी हसली नाही. पोरगा पायरी ओलांडत होता. पुढे डेहराडून, मग कुठे पोस्टिंग कोण जाणे.

"मंग बराबर आहे," ती म्हणाली. "लग्नातच तं पाठवणी असते."