बर्फ वितळतोय, पण गाव बेटावर वसवलं कोणी?

पदवीला असताना पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आपल्यापैकी बहुतेकांनी दिलाय. हवामान बदलाच्या धड्यात एक चित्र हमखास असतं: बर्फाच्या तुकड्यावर एकटंच उभं असलेलं पांढरं अस्वल. त्या चित्रात माणूस नसतो. उत्तर ध्रुवाभोवतीच्या आर्क्टिक प्रदेशात आज सुमारे ४० लाख लोक राहतात आणि त्यातले साधारण दहा टक्के तिथले मूलनिवासी आहेत, हे मला एम.ए.ला समाजशास्त्र घेईपर्यंत कुठल्याही वर्गात ऐकायला मिळालं नाही. चित्रातून माणूस गाळला की हवामान बदल हा निव्वळ निसर्गाचा विषय होतो. मग त्याची झळ कोणाला किती बसते आणि का, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठी मी एक गाव निवडलंय. अमेरिकेच्या अलास्का राज्यातलं किव्हलीना. चुकची समुद्र आणि एक खाजण यांच्यामध्ये वाळूची अरुंद पट्टी आहे. त्या बेटाच्या टोकाला सुमारे चारशे लोकांची ही वस्ती. लोक इनुपियाट समाजाचे. सील, व्हेल, मासे, रानटी रेनडिअर यांवर त्यांचं घर चालतं.

या गावाचं संरक्षण बर्फ करायचा. शरद ऋतूत किनाऱ्याला धरून समुद्र गोठला की वादळी लाटा वाळूपर्यंत पोचत नसत. गेल्या चार दशकांत आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापला आहे. आता समुद्र उशिरा गोठतो, आणि वादळं मात्र ठरल्या वेळी येतात. उघड्या किनाऱ्यावर लाटा आदळतात आणि वाळू घेऊन जातात. २००७ मध्ये वादळाच्या भीतीने गाव रिकामं करावं लागलं. वर्षानुवर्षं गोठलेली जमीन मऊ पडतेय. मांस साठवायला जमिनीत खणलेली कोठारं निकामी होतायत. वसंतात बर्फ पातळ असतो, म्हणून शिकारीला जाणं धोक्याचं झालंय.

इथवरची गोष्ट बातम्यांत येते. पण मुळात एवढं गाव वाळूच्या पट्टीवर गेलं कसं?

इनुपियाट कुटुंबं एका जागी कायम राहणारी नव्हती. हंगामाप्रमाणे ती किनाऱ्यावर, नदीकाठी, आत डोंगराकडे फिरत. हे बेट त्यांच्यासाठी हंगामी शिकारीचा मुक्काम होतं. १९०५ मध्ये अमेरिकी सरकारने बेटावर शाळा बांधली. मुलांना शाळेत पाठवा, नाहीतर तुरुंगात जाल, अशी तंबी पालकांना मिळाली, असं गावातले वडीलधारे सांगत आले आहेत. शाळेभोवती घरं उभी राहिली आणि मुक्कामाचं गाव झालं. अलास्कातल्या अशा अनेक सरकारी शाळांत मुलं स्वतःच्या भाषेत बोलली तर शिक्षा व्हायची.

म्हणजे समुद्र पुढे सरकतोय हे हवामान बदलाचं काम. पण त्याच्या वाटेत लोकांना नेऊन बसवलं ते राज्यसंस्थेने. आणि हे एकाच गावापुरतं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये अहवाल दिला. अलास्कातल्या मूलनिवासींच्या २१३ गावांपैकी १८४ गावांना पूर किंवा जमिनीची धूप यांचा त्रास होता.

हा भाग वाचताना आपल्याला फार समजावून सांगावं लागत नाही. आपल्या गावांत वस्ती कुठल्या बाजूला असते, नाल्याचं पाणी आधी कोणाच्या दारात शिरतं, हे आपण बघितलंय. चवदार तळ्यातलं पाणी निसर्गाचं होतं, ते कोणी प्यायचं हे जात ठरवत होती. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाने त्यावरच बोट ठेवलं. इनुपियाट लोकांचा इतिहास वेगळा आहे, तो जातीचा नाही वसाहतवादाचा आहे, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. पण आपत्ती नैसर्गिक आहे असं कोणी म्हणालं की तिच्या आधीचा इतिहास मागायची सवय आपल्याला आहे, आणि ती इथे उपयोगी पडते.

किव्हलीनाच्या लोकांनी वाट बघत बसणं पत्करलं नाही. स्थलांतरासाठी त्यांनी १९९० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मतदान केलं. २००० मध्ये त्यांनी नवी जागाही निवडली. लष्कराच्या अभियंता विभागाने ती तांत्रिक कारणाने नाकारली: खालची जमीन बर्फाने भरलेली, टिकणार नाही. गाव हलवण्याचा खर्च काही कोटी डॉलर. तो कोणी करायचा हे ठरवणारं एकही खातं नाही. वादळ ही कायद्याच्या भाषेत आपत्ती. रोज थोडी थोडी वाहून जाणारी जमीन ही आपत्ती नाही. त्यातून आणखी एक कोंडी होते. गाव उद्या हलणारच आहे, मग आज इथे पैसा कशाला घालायचा, असं सरकारी यंत्रणा म्हणतात. म्हणून जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या या गावात बहुतेक घरांना नळ नाही, शौचालय नाही. मैला बादलीत साठवून बाहेर नेऊन टाकावा लागतो.

फेब्रुवारी २००८ मध्ये गावाने एक्सॉनमोबिलसह तेल, वीज आणि कोळसा क्षेत्रातल्या वीसहून अधिक कंपन्यांवर खटला भरला आणि स्थलांतराचा खर्च मागितला. २००९ मध्ये तो फेटाळला गेला. न्यायालयाचा एक मुद्दा असा की हवेत वायू सोडणारे जगभर असंख्य आहेत, त्यामुळे या गावाचं नुकसान अमुक कंपनीने केलं असं जोडता येत नाही. शिवाय हा प्रश्न राजकीय आहे, न्यायालयाचा नाही. अपील न्यायालयाने २०१२ मध्ये वेगळ्या कारणाने तोच निकाल कायम ठेवला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

या युक्तिवादापाशी मी अडकते. दोषी खूप आहेत म्हणून दोषी कोणीच नाही. अन्याय व्यवस्थेचा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा समोरून उत्तर येतं की मग माणूस दाखवा. माणूस दाखवला तर म्हणतात की ही एखाद्याची विकृती आहे. नुकसान सोसणारा मात्र प्रत्येक वेळी नाव-गावासकट सापडतो.

तरीही किव्हलीनाची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपण पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी खास वाचावा असा आहे. १९९७ मध्ये अलास्कातल्या मूलनिवासी पालकांनी आणि ग्रामीण शाळा मंडळांनी राज्यावर दावा लावला. मुद्दा होता शाळांच्या इमारतींसाठी मिळणाऱ्या पैशातला भेदभाव. १९९९ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. २०११ मध्ये तडजोड झाली आणि राज्याने ज्या गावांत शाळा बांधायचं कबूल केलं, त्यांत किव्हलीना होतं. नवी शाळा बेटावर बांधण्यात अर्थ नव्हता. ती मुख्य भूमीवर, उंचावर बांधली गेली, आणि तिथे पोचायला खाजणावरून रस्ता झाला. तोच रस्ता वादळात गावाची सुटकेची वाट आहे. २०२२ च्या अखेरीस शाळा सुरू झाली. गाव अजून बेटावर आहे, मुलं रोज जाऊन येतात.

हवामानाच्या खटल्याने जे दिलं नाही ते शिक्षणातल्या समतेच्या खटल्याने थोडंफार दिलं. आपल्यासाठी शाळा हा मुक्तीचा शब्द आहे, तो आपल्या पूर्वजांनी झगडून मिळवला. इनुपियाट लोकांकडे शाळा आली ती हुकूम म्हणून, त्यांची भाषा आणि फिरस्ती मोडत. शंभर वर्षांनी त्यांच्याच नातवंडांनी शाळा हक्क म्हणून मागितली. शाळा कोणाच्या अटीवर उभी राहते यावर सगळं अवलंबून असतं.

याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. २०१३ पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. स्वालबार्डमधलं आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्रामार्फत चालतं. २०२२ मध्ये सरकारने आर्क्टिक धोरण जाहीर केलं. त्याच्या सहा स्तंभांपैकी एक आर्थिक आणि मानवी विकासाचा आहे. हिमनद्या आणि मान्सूनचा संबंध मोजायलाच हवा. पण त्या विषयात समाजशास्त्र, कायदा, मानववंशशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींनीही जागा मागावी. कोणी कोणाला कुठे वसवलं, नुकसान कोणाच्या नावावर मांडलं, हलायचं कुठे हे कोण ठरवणार, हे प्रश्न विचारायला लागणारं शिक्षण आपल्याकडे घरातूनच आलेलं आहे. एम.ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी.चा विषय शोधत असाल, तर हा घ्या.