दोन अक्षरे आय आणि डी



इंग्रजीची धास्ती आपल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही. म्हणून आज दोनच अक्षरे घेऊ. आय आणि डी ही कॅपिटल अक्षरे जोडून लिहिली की होते आयडी, म्हणजे ओळखपत्र. कारखान्याच्या गेटवर, बँकेत, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत हेच मागतात. मतदाराचे फोटो ओळखपत्र १९९३ साली निवडणूक आयोगाने काढले; पण त्यामागचा प्रौढ मताधिकार बाबासाहेबांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे मागितला होता. पेटीतले ते कार्ड जपा.

आता याच दोन अक्षरांच्या मध्ये, वरच्या अंगाला, स्वल्पविरामासारखे चिन्ह आले की उच्चार होतो 'आयड', आणि ओळखपत्राशी संबंध संपतो. हे 'आय वुड' किंवा 'आय हॅड' यांचे आखूड रूप. कोणते, ते पुढच्या क्रियापदावरून कळते. 'आयड लाइक' मध्ये मूळ रूप आहे, म्हणून वुड : मला आवडेल. 'आयड गॉन' मध्ये तिसरे रूप, म्हणून हॅड : मी गेलो होतो. 'आयड बेटर गो' मात्र फसवे आहे. तिथे हॅडच आहे, आणि अर्थ 'आता मला निघायला हवे'.

मोबाइलवर मुले ते चिन्ह गाळतात. मित्रांत चालते. नोकरीच्या अर्जात मात्र 'आय वुड' असे पूर्णच लिहावे.

आणि साहेबाच्या पत्रात 'आयड लाइक टु सी युवर आयडी' असे आले, तर मुलांनो, ती आवडीनिवडीची गोष्ट नव्हे. तो गोड शब्दांतला हुकूम आहे. कार्ड घेऊन जा.