कात्री लावण्यापूर्वी

मुलांनो, सन १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. हा प्रसंग शाळेच्या स्नेहसंमेलनात करून दाखविण्याची हौस आमच्या वसईच्या मुलांना फार. नाटक ठरले की पहिला प्रश्न उभा राहतो तो पोशाखाचा. मग कुणी वडिलांचा झब्बा चढवितो, कुणी बहिणीची चमचमणारी ओढणी कंबरेला गुंडाळतो, आणि पेशव्यांचा शिपाई बटणांचा सदरा घालून तट चढू लागतो! “दहा हातांवरून कोण पाहणार आहे?” असे मोठी माणसेही म्हणतात. मला हे म्हणणे मान्य नाही. प्रेक्षकाला दिसो वा न दिसो, अंगावर वस्त्र घालणाऱ्याला तर ते कळतेच.

त्या काळचा अंगरखा किंवा बाराबंदी बंदांनी बांधीत. बटणे हवीत ती पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या कोटावर. तेथे ती ओळीने लावावीत. बटणाच्या भोकाला आपण ‘काज’ म्हणतो, तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला आहे. रासायनिक रंगांचा शोध १८५६ साली लागला. तेव्हा भडक जांभळा पटका नको. नीळ, मंजिष्ठ, हळद यांचे रंग शोभतील. आणखी एक गोष्ट. पोर्तुगीजांना फाटके कपडे देऊन हास्यास्पद करू नका. तहाप्रमाणे त्यांच्या शिबंदीला शस्त्रांनिशी, वाद्ये वाजवीत आणि निशाणे फडकवीत बाहेर पडण्याची मोकळीक होती. शत्रू असा ताठ मानेने गेला, हे दाखविले तरच आपल्या सैन्याने काय जिंकले ते कळते.

परंतु अस्सलपणाच्या या हौसेपायी माझ्या हातून एकदा मोठी चूक घडली. तेव्हा मी तरुण शिक्षक होतो. शिपायांसाठी शेले हवे होते. एका विद्यार्थ्याने घरच्या पेटीतून इरकली लुगडे आणले. नऊ वार लांब, काठ जुन्या विणीचा. घरी विचारले आहेस का, हे मी त्याला पुसले नाही. कात्री घेतली आणि त्याचे आठ तुकडे केले. नाटक उत्तम झाले. पडदा पडल्यावर त्या मुलाची आजी आत आली. शिपायांच्या कंबरांकडे तिने एकवार पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “मास्तर, काठाचा एखादा तुकडा उरला असेल, तर मला द्याल का?” ते लुगडे तिच्या आईचे होते. मी आठही तुकडे तिच्या हाती दिले. पण आठ तुकड्यांचे लुगडे होत नाही.

वाईट याचे वाटते की, कात्रीची गरजच नव्हती. आपली जुनी वस्त्रे, धोतर काय, लुगडे काय, शेला काय, मुळात न कापता नेसण्याचीच. घडी घातली की लांबी कमी होते. रुंदी आवरायची असेल तर कच्चा टाका घालावा. तो ओढला की दोरा सुटतो आणि कापड होते तसे राहते. कापायचेच असेल, तर बाजारातून साधे मांजरपाट आणावे. त्याची बाराबंदी शिवायला फार खर्च येत नाही, आणि ती पुढच्या वर्षीच्या मुलांनाही उपयोगी पडते. पैसे नसतील, तर पुठ्ठ्याची ढाल आणि कागदी जर यांनीही काम भागते; त्यात कमीपणा मुळीच नाही.

जुने वस्त्र पेटीतून काढण्याआधी मात्र घरातील वडील माणसांना विचारा. ते कुणी नेसले, कोठे घेतले, हेही विचारून घ्या. पुष्कळदा ती हकीकत नाटकापेक्षा सरस निघते. आणि कार्यक्रम संपल्यावर टाके उसवायला अर्धा तास राखून ठेवा. त्या वेळी शिक्षकांना घरी जाण्याची फार घाई असते, हे मी स्वानुभवाने सांगतो.