दाण्याचे वजन आणि दाण्यातील सत्त्व

दूध संकलन केंद्रावर ‘फॅट किती लागली?’ हे ठरल्याखेरीज दुधाचा भाव ठरत नाही. उसाचा दरही साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला आहे. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने टनाला 3400 रुपये जाहीर केले, ते 10.25 टक्के उतारा धरून. धान्याच्या बाबतीत मात्र आर्द्रता, काडीकचरा आणि किडके दाणे पाहिले की आपली परीक्षा संपते.

वस्तुतः वाण, जमीन, खत आणि पाऊस यांनुसार एकाच धान्याचे पोषणमूल्य पुष्कळ बदलते. ओटमधील बीटा-ग्लुकान ह्या उपयुक्त तंतूचे प्रमाण वाणागणिक निराळे असते, तीच गोष्ट बाजरीतील लोहाची. ‘इक्रिसॅट’ने विकसित केलेल्या आणि 2012 साली महाराष्ट्रात प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ वाणात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. 2018 साली नव्या वाणांसाठी ठरलेली किमान मर्यादा 42 मिलिग्रॅमची आहे. हा वाण संकरित नसल्याने घरचे बियाणे राखता येते, ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय. तरीही तो अधिक उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणाकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा? बाजार समितीत दोन्ही बाजऱ्यांना भाव एकच!

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, ग्राहकाला गुण पारखता येत नसेल तर चांगला माल बाजारातून हटतो. येथे तर विकणाऱ्यालाही आपल्या दाण्यात लोह किती, हे ठाऊक नसते. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत.

बाजरीतील फायटेटमुळे सर्व लोह अंगी लागत नाही, हा आक्षेप खरा आहे. रक्तक्षयाची कारणेही केवळ लोहापुरती नाहीत. तथापि म्हणून दाण्यातील फरक निरर्थक ठरत नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने दाणे न कुटता लोह मोजणारी यंत्रे संशोधनसंस्थांत वापरात आहेत. ती प्रत्येक बाजारात बसविणे परवडणार नाही. परंतु अंगणवाड्यांसाठी होणाऱ्या खरेदीपुरती, ठरावीक केंद्रांवर, नमुना-तपासणी करून लोहयुक्त बाजरीला क्विंटलमागे वाढीव दर देता येईल. मात्र तपासणीचा खर्च आहार-योजनेतच धरावा. तो शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापला गेला, तर पुढल्या वर्षी तो ते बियाणे पेरणार नाही.