काडतुसाची पारख कोणी करावयाची?

सेनेसाठी नवी रायफल घेतली की तिची छायाचित्रे छापून येतात, तिचे वजन, तिचा पल्ला, ती स्वदेशी की परदेशी यांवर वाद रंगतात. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घेण्याचा करार झाला तेव्हा हे घडले. अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे रशियाच्या भागीदारीत एके-२०३ तयार होऊ लागली तेव्हाही घडले. या गदारोळात काडतुसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः रायफल एकदा घेतली की अनेक वर्षे पुरते. काडतूस मात्र सतत घेत राहावे लागते, आणि घेतलेले काडतूस चांगले होते की नाही हे ते उडविल्याखेरीज निश्चित कळत नाही. सरकारी खरेदीच्या अर्थशास्त्रातील हा एक अवघड प्रश्न आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. १९६२ च्या युद्धात आपले जवान लढले ते प्रामुख्याने थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन. प्रत्येक बारानंतर जवान स्वतःच्या हाताने बोल्ट मागे ओढून रिकामी पुंगळी काढीत असे आणि नवे काडतूस आत सारीत असे. काडतुसात दारू थोडी कमी-अधिक असली तरी मनगटाच्या जोरावर काम भागत असे. पुढे ईशापूरची ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल आली आणि हे गणित बदलले. तिच्यात गोळीमागच्या वायूचा थोडा अंश नळीतील छिद्रावाटे घेऊन त्याच्या दाबाने दट्ट्या मागे सरकतो व पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. म्हणजे काडतूस हे गोळी फेकण्याबरोबरच यंत्र चालविणारे इंधनही झाले. दाब कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही. दाब जास्त झाला तर पुंगळी नळीला घट्ट चिकटलेली असतानाच तो तिला ओढू लागतो आणि तिची कड फाटते. पुंगळीचे पितळ पुरेसे कणखर नसेल तरी तेच होते. बुडाची स्फोटक टोपी फार हळवी असेल तर काही रायफलींत बोल्ट पुढे आदळताक्षणी बार उडण्याचे भय असते. फार कठीण असेल तर चाप ओढूनही काही घडत नाही. तेव्हा ‘उत्तम काडतूस’ अशी सुटी वस्तू नसते. अमुक रायफलीसाठी उत्तम, एवढेच म्हणता येते.

हे न ओळखल्याची किंमत अमेरिकेने व्हिएतनाममध्ये मोजली. एम-१६ रायफलीची मूळ जडणघडण एका विशिष्ट प्रकारच्या दारूवर झाली होती. १९६४ मध्ये सैन्याने काडतुसांत दुसरी, गोळीदार कणांची दारू वापरण्यास मान्यता दिली. गोळीचा ठरविलेला वेग दाबाच्या मर्यादेत राहून गाठणे तिने सोपे होत होते. कागदावरील अट पुरी झाली. परंतु या दारूने रायफलीच्या यंत्राची गती वाढली, आत काजळी साचू लागली, आणि पुंगळ्या अडकू लागल्या. त्यात नळीच्या कोठीस क्रोमचा मुलामा नव्हता आणि अनेक जवानांना सफाईचे साहित्यही मिळालेले नव्हते. याहून विलक्षण बाब पुढेच आहे. नव्या दारूने रायफल गतीच्या कसोटीस उतरेना, तेव्हा कारखान्यास जुन्या दारूची काडतुसे वापरून रायफली तपासून देण्याची मुभा मिळाली. तपासणी एका दारूवर, रणांगण दुसऱ्या दारूवर! अडकलेल्या रायफली हाती असताना जवान मारले गेल्याच्या तक्रारी घरी धाडलेल्या पत्रांतून फुटल्या, आणि १९६७ मध्ये प्रतिनिधी रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने या कारभारावर कठोर टीका केली.

या प्रकरणात कोणी लाच घेतली म्हणून हे घडले असे नव्हे. जे सहज मोजता येत होते ते मोजले गेले, जे मोजावयास त्रासदायक होते ते राहिले. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की विकणाऱ्यास गुण-दोष ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असले म्हणजे बाजारात चांगला माल टिकत नाही. काडतुसाच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. येथे प्रत्येक नग तपासावयाचा तर विकत घेतलेला सगळा मालच संपेल! म्हणून एका खेपेतील काही नमुने उडवून पाहावयाचे आणि त्यावरून सबंध खेप स्वीकारावयाची वा परत धाडावयाची, ही नमुना-तपासणीची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रूढ झाली. तिचा सारा प्राण ‘परत धाडावयाची’ या शब्दांत आहे. नाकारण्याची ऐपत नसलेल्या ग्राहकाने तपासणी केली काय आणि न केली काय!

आपली ही ऐपत किती होती? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा घनघोर युद्धाच्या दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. कोठार असे रिकामे असता आलेली खेप परत करण्यास कोणता अधिकारी धजेल? शिवाय पुरवठादार मुख्यतः एकच. १८६९ पासूनचा खडकीचा कारखाना काय किंवा भुसावळजवळ १९६४ मध्ये उभा राहिलेला वरणगावचा काय, सर्व एकाच आयुध निर्माणी मंडळाखाली होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंडळ जाऊन सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे बारा कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. पाट्या बदलल्या, पण मालाची परीक्षा करणारे गुणवत्ता हमी महासंचालनालय आणि माल बनविणारी ही कंपनी, दोन्ही आजही संरक्षण मंत्रालयाच्या एकाच उत्पादन विभागाखाली नांदतात. पेपर काढणारा, शिकवणी घेणारा आणि तपासणारा एकाच छपराखाली असले की निकाल कसे लागतात, हे आम्हां प्राध्यापकांस निराळे सांगावयास नको.

यावर खासगी कारखाने हा उतारा सुचविला जातो. कानपूरला फेब्रुवारी २०२४ मध्ये असा मोठा कारखाना सुरू झालाही. दुसरा विक्रेता असणे ग्राहकाच्या हिताचेच. त्याने नाकारण्याची ऐपत वाढते. मात्र सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची आपली सवय तशीच राहिली तर कारागीर धातूत आणि दारूत काटकसर करतील, कारण दर दिसतो आणि गुण दिसत नाही. अडकलेल्या रायफलीची किंमत कोणत्याही हिशेबवहीत कारखान्याच्या नावे पडत नाही. ती पडावयास हवी. प्रत्येक खेपेचा क्रमांक पलटणीपर्यंत पोचावा, तक्रार त्याच क्रमांकाने परत यावी, आणि दोष सिद्ध झाल्यास सबंध खेपेचा भुर्दंड पुरवठादारावर बसावा. परीक्षक उत्पादन विभागाबाहेर असावा. आणि किमान काही महिन्यांचा साठा हाती असावा, एरवी हे सारे नियम कागदावरच राहतील. यास खर्च येईल, हे उघड आहे.

प्रश्न आता अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. इन्सासचे काडतूस ५.५६ मिलिमीटरचे. एके-२०३ आणि सिग दोन्हींचे ७.६२, पण एकाची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची ५१, म्हणजे एकाचे दुसरीत चालत नाही. तीन तऱ्हांची काडतुसे आणि ती बनविणारे अनेक कारखाने, असा हा पसारा आहे. २०२४ मध्ये आणखी ७३,००० सिग रायफलींची मागणी नोंदविली गेली. त्यांच्यासाठी देशात बनणारी काडतुसे प्रयोगशाळेतील चाचणी-नळीतून उडवून स्वीकारावयाची, की त्याच रायफलीतून, आणि तीही नव्या रायफलीबरोबर दोन-तीन वर्षे वापरून झिजलेल्या रायफलीतून, हे खरेदीच्या करारातच स्पष्ट लिहिलेले असावयास हवे.