पदकाच्या कडेवरचं नाव

पवनी तालुक्यातले मेजर प्रफुल्ल मोहरकर डिसेंबर २०१७ मध्ये राजौरीच्या केरी सेक्टरमध्ये शहीद झाले. भंडारा जिल्हा त्यांचं नाव विसरलेला नाही, विसरणारही नाही. पण दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची नावं १९४७ पासून सुरू होतात. त्याआधी लढलेल्यांचं काय?

ते सगळे आपणहून भरती झालेले. हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हती, तरी दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख माणसं उभी राहिली आणि ८७ हजारांवर कामी आली. कुणी पोटासाठी गेलं, कुणी मानासाठी. महारांना तर भरतीचं दारच कधी उघडं, कधी बंद. १८९२ नंतर इंग्रजांनी ते लावून घेतलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. पुन्हा युद्ध आलं. बाबासाहेबांनी भरतीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. दुसरी पलटण १९४२ मध्ये भंडाऱ्याच्या शेजारी, कामठीला उभारली गेली. पुढे ती ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेली.

शौर्य गाजलं तर नाव राहतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात होते. शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतला एकेक जण मारला किंवा जायबंदी केला. एकटे उरलेले घाडगे ग्रेनेड फेकत थेट मोर्चावर धावले. टॉमीगनच्या गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. तेव्हा तीच बंदूक उलटी धरून त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवलं आणि जिंकलेल्या मोर्चातच गोळी लागून पडले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही. नाव तेवढं कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

अनेकांच्या वाट्याला तेही आलं नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये मेलेल्या हजारो हिंदी शिपायांची बसऱ्याच्या स्मारकावर फक्त पलटणवार संख्या कोरली गेली, तर गोऱ्यांची नावं. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने हा भेदभाव मान्य करून माफी मागितली ती २०२१ मध्ये. शंभर वर्षांनी आलेल्या या माफीचं कौतुक करण्यासारखं काही नाही.

पण आपल्या हातात काही आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असं पदक, डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पेन्शनचं पुस्तक असेल, तर बाहेर काढा. भिंगाखाली धरून अक्षरं उतरवून घ्या. चांदीचं आहे म्हणून मोडीत घालू नका. आणि ग्रामपंचायतींनी अशा नावांची एक वही करावी. त्याला निधी लागत नाही, एक ठराव पुरतो.